रात्रीची लाईट आणि दिवसाचं सुख

सोमवारी बेल्ह्यात बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. कल्याण-नगर महामार्गावरच्या या गावाचा आठवडे बाजार बैलांसाठी नावाजलेला आहे. कुणी बैलाचे दात बघतो, कुणी चार पावलं चालवून खुरांची ठेवण पाहतो, कुणी भाव ऐकून न बोलताच पुढे सरकतो. या गर्दीतल्या एका टपरीवर साठी ओलांडलेले एक मामा आणि पुण्याहून आलेली त्यांची भाची चहा घेत बसले आहेत. मामा कांदा पिकवतात, गळ्यात तुळशीची माळ घालतात, भजनात पखवाज वाजवतात. भाची फिजिओथेरपिस्ट आहे. अंगावरून वारं गेलेल्या माणसांना पुन्हा उभं राहायला, चालायला, घास तोंडापर्यंत न्यायला ती शिकवते. दोघंही या लेखासाठी योजलेली आहेत. त्यांच्या बोलण्यात येणारे अभ्यास, वर्षं आणि आकडे मात्र खरे आहेत, आणि त्यांच्यातला वाद जुन्नर-आंबेगावच्या कितीतरी घरांत आज चालू आहे.

"मामा, डोळे लाल दिसतात. रात्री किती झोपलात?"

"या आठवड्यात लाईट रात्रीची आहे. बाराला पाण्याची दारं धरायला गेलो, पहाटं चारला आलो. मग झोपलो की."

"आणि सहाला धारेला उठलात."

"म्हशीला काय सांगू, उद्या बघू म्हणून?"

भाचीनं इथेच विषय धरला. मेंदू नीट राहिला तरच माणूस दीर्घकाळ सुखी राहतो आणि मेंदू नीट ठेवणं बऱ्याच अंशी रोजच्या सवयींवर अवलंबून असतं, असं ती मानते. त्यासाठी तिच्याजवळ पुरावे आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठात मायकेन नेडरगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली झोपलेल्या उंदरांचे मेंदू तपासले. झोपेत पेशींमधली मोकळी जागा सुमारे साठ टक्क्यांनी वाढते, त्या वाटेनं द्रव खेळतो आणि दिवसभर साठलेली निरुपयोगी प्रथिनं वाहून जातात, असं त्यांना दिसलं. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइड हे त्यांपैकीच एक. माणसांच्या बाबतीत हा तपास अजून चालू आहे. पण लंडनच्या सुमारे आठ हजार सरकारी कर्मचाऱ्यांचा पंचवीस वर्षं मागोवा घेतल्यावर २०२१ मध्ये एक गोष्ट पुढे आली. पन्नाशी, साठी आणि सत्तरीत सातत्यानं सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका सात तास झोपणाऱ्यांपेक्षा सुमारे तीस टक्के जास्त होता.

"म्हणून सांगते, झोपेची वेळ ठरवा. रोज एकाच वेळी अंथरुणावर पडायचं आणि एकाच वेळी उठायचं."

मामांनी बशी खाली ठेवली. "वेळ मी ठरवतो का? वेळ ठरवते वीज कंपनी. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. तुझ्या त्या लंडनच्या माणसांना दारं धरायची होती का?"

प्रश्न रागानं विचारलेला नव्हता, पण अडवणारा होता. भाचीकडे त्यावर आणखी एक अभ्यास होता, आणि तो सांगताना तिच्याही लक्षात आलं की त्यानं मामांचीच बाजू भक्कम होते. फ्रान्समध्ये तीन हजारांहून जास्त कामगारांच्या स्मरणशक्तीच्या आणि विचारांच्या वेगाच्या चाचण्या वर्षानुवर्षं घेतल्या गेल्या. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. दहा वर्षं किंवा अधिक काळ बदलत्या पाळ्यांमध्ये काम केलेल्यांचा मेंदू साडेसहा वर्षांनी जास्त वय झाल्यासारखा मंदावला होता, आणि पाळ्या सुटल्यावर सावरायला किमान पाच वर्षं लागत होती.

"कारखान्यातल्या पाळीला पगार आहे, हजेरी आहे, सुट्टी आहे," मामा म्हणाले. "आमच्या पाळीची नोंद कुठल्या रजिस्टरात?"

मामा इथे बरोबर आहेत. शेतीपंपाच्या विजेचं वेळापत्रक ही साधी तांत्रिक बाब समजली जाते. प्रत्यक्षात लाखो शेतकऱ्यांनी कधी झोपायचं, हेच त्यातून ठरतं. आरोग्याची व्याख्यानं या वेळापत्रकाचा उल्लेखही करत नाहीत. ती माणसाला त्याच्या सवयींबद्दल जबाबदार धरतात आणि सवय जिथून घडते ती जागा तशीच सोडून देतात.

बाजारातून दोघं मोटारसायकलवर घराकडे निघाले. मामांचं घर मळ्यात, वस्तीवर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये कांद्याचे वाफे. कुकडी प्रकल्पाचं पाणी जुन्नर तालुक्यात खेळू लागलं तसा ऊस पसरला, आणि उसाबरोबर बिबट्या शिवारात राहायला आला. इथली माणसं त्याला सरळ वाघच म्हणतात. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात, आणि या पट्ट्यातल्या बिबट्याच्या कितीतरी पिढ्या जंगल न बघताच उसात जन्मल्या आहेत. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे. पण अडचण निवारा केंद्रात नसते, ती बांधावर असते.

"मामा, रोज पाऊण तास झपझप चालत जा. २०११ मध्ये अमेरिकेत कर्क एरिकसन यांनी एकशेवीस वयस्कर माणसांवर प्रयोग केला. त्यांतल्या निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटं चालायला लावलं. वर्षभरानं मेंदूचा आठवणी सांभाळणारा भाग, हिप्पोकॅम्पस, दोन टक्क्यांनी वाढलेला दिसला. नुसते अंग ताणायचे व्यायाम करणाऱ्यांत तो कमी झाला होता."

"कधी चालू? पहाटं? उसाच्या कडेनं?"

"दिवसा."

"दिवसा मी शेतात असतो. चालतच असतो."

"असायचात," भाची म्हणाली. "आता शेतात जायला गाडी. नांगरटीला ट्रॅक्टर. मोटर मोबाईलवरून चालू होते. तुमचे वडील बाजाराला बैल हाकत चालत यायचे, आपण पेट्रोल जाळून आलो."

मामांनी यावर वाद घातला नाही. शेतकऱ्याला व्यायामाची गरज नाही, हा समज गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हळूहळू खोटा ठरत गेला. कष्ट गेले असं नाही. ते एकाच प्रकारचे झाले. कंबर वाकवून कांद्याची लागण, पाठीवर फवारणीचा पंप, मग बराच वेळ बसून राहणं. हृदयाचा ठोका वाढवणारी, मेंदूला रक्त जोरात पोचवणारी सलग चाल त्यातून निघून गेली. ती परत आणायची तर शाळेच्या मैदानापासून देवळापर्यंत दिवे असलेला, दोन्ही कडेचं गवत कापलेला रस्ता लागतो. म्हणजे हा विषयही शेवटी ग्रामपंचायतीपर्यंत जातो.

घरी आल्यावर मामींनी पाणी दिलं आणि बोलणं ऐकत त्या उंबऱ्यापाशी बसल्या.

"झोपेचं म्हणतेस ना," त्या म्हणाल्या, "ते रात्री शेतात असले की मलाबी झोप नाही. बॅटरीचा उजेड हलताना दिसतोय का, ते बघत बसते. उजेड एका जागी थांबला की छातीत धस्स होतं. ते येऊन झोपतात, मी मात्र जागीच."

या बोलण्याची नोंद कुठल्याच अभ्यासात नाही. दारं धरणारा एक आणि जागणारी दोन माणसं, असा हा हिशेब आहे. भारतीय वृद्धांच्या राष्ट्रीय पाहणीशी जोडलेल्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासाचा अंदाज २०२३ मध्ये आला. ही मूळ पाहणी मुंबईतल्या देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं केलेली. साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असं त्यातून निघालं. प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. शाळा लवकर सुटणं हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. मामींची शाळा चौथीला सुटली होती. मळ्यातल्या बाईच्या मेंदूवर किती दिशांनी भार पडतो, हे सुखाच्या चर्चेत फार उशिरा आणि फार कमी येतं.

जेवण झाल्यावर मामांनी आपला मुख्य मुद्दा काढला. सुख म्हणजे काय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"कांद्याला भाव. बाकी सगळं त्याच्यामागं चालत येतं. २०२३ च्या डिसेंबरात निर्यात बंद केली. आळेफाट्याच्या बाजारात ट्रॉली लावली तेव्हा हातात काय पडलं ते तुझ्या मामीला विचार. मे महिन्यात बंदी उठवली, तोवर आमचा निम्मा माल गेला होता. त्या पाच महिन्यांत मला तू झोपायला सांगितलं असतंस, तरी झोप आली असती का?"

भाची थोडा वेळ बोलली नाही. मग तिनं जे सांगितलं, त्यानं या वादाची दिशा बदलली.

तमिळनाडूत ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी दोनदा घेतली गेली. एकदा तोडणीआधी, म्हणजे हात रिकामे आणि देणी डोक्यावर असताना. दुसऱ्यांदा तोडणीनंतर, पैसे आल्यावर. आनंदी मणी, सेंधिल मुल्लइनाथन, एल्डार शफीर आणि जियाइंग झाओ यांचा हा अभ्यास २०१३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला. माणूस तोच, मेंदू तोच, पण तोडणीआधीचे गुण स्पष्टपणे कमी होते. पैशाची विवंचना मेंदूची जागा अडवून बसते. मग लक्ष, आठवण आणि निर्णय यांना उरतं ते तोकडं पडतं. गरिबी आली म्हणून माणसाची बुद्धी गेलेली नसते. ती गुंतून पडलेली असते.

"म्हणजे मी म्हणतो तेच," मामा म्हणाले.

"अर्धं. भाव नसला तर मेंदूवर ताण येतो, हे खरं. पण भाव मिळाला की सुख येऊन राहतं का? १९७८ मध्ये अमेरिकेत लॉटरी लागलेल्या बावीस जणांना आणि लॉटरी न लागलेल्या त्यांच्या शेजाऱ्यांना तपासलं. लॉटरीवाले फारसे जास्त सुखी नव्हते. उलट नाश्ता करणं, मित्राशी बोलणं, गमतीची गोष्ट ऐकणं यातला त्यांचा आनंद कमी झाला होता."

"लॉटरी आणि कांदा एक नव्हे पोरी. लॉटरी फुकटची. कांदा घामाचा."

हा फरक भाचीला मान्य करावा लागला. खरंही आहे. वर्षानुवर्षं भाव पडण्याची भीती बाळगणारा माणूस आणि एका दिवसात श्रीमंत झालेला माणूस यांची तुलना कुठवर ताणायची? उपाशी माणसाला जेवण मिळाल्यावर त्याचा आनंद "फार टिकत नाही", असं कुणी शास्त्रज्ञ सांगू लागला तर त्याला जेवणाचं महत्त्व कळलेलं नाही. पण भाचीच्या म्हणण्यातही तथ्य आहे. मिळालेल्या गोष्टीची मेंदूला लवकर सवय होते, आणि ती का होते हे आता कळू लागलंय.

मामांना ते बैलगाड्याच्या भाषेत पटलं. जुन्नर, आंबेगाव आणि खेडमध्ये यात्रेला बैलगाडा घाटात धावतो तेव्हा गाव गोळा होतं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा ग्राह्य धरला. त्या मधल्या वर्षांत मामा रिकाम्या घाटाकडे बघून हळहळत असत.

"गाडा सुटायच्या आधी जी धडधड असते ना, ती बक्षीस घेतानाही नसते," ते म्हणाले.

"तेच वोल्फ्राम शुल्ट्झ यांना माकडांत दिसलं," भाची म्हणाली. "दिवा लागला की फळांचा रस मिळतो, हे माकड शिकलं. मग मेंदूतल्या डोपामिन पेशी रस मिळाल्यावर नव्हे, दिवा लागल्यावरच चेतायच्या. ठरल्याप्रमाणे रस मिळाला तर त्यांना काही वाटायचं नाही. दिवा लागून रस आला नाही तर मात्र त्या गप्प पडायच्या. मेंदू सुख मोजत नाही मामा, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतो. भाव पंचवीसचा तीस झाला की आनंद, आणि पुढच्या वर्षी तोच तीस मिळाला की कुरकुर."

"ते खरंय," मामा हसले. "व्यापारी लोक आमचं हेच ओळखून असतात."

डोपामिनचा हा खेळ दारूत आणि जुगारात किती खोल जातो, ते सांगायला बेल्ह्याजवळच्या ओतूरचंच उदाहरण आहे. डॉ. अनिल अवचट यांचा जन्म १९४४ मध्ये ओतूरचा. ते डॉक्टर झाले, पण आयुष्य लेखनात आणि माणसांत घालवलं. डॉ. सुनंदा अवचट यांच्यासह त्यांनी २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांचं आर्थिक पाठबळ त्यामागे होतं. व्यसनातून बाहेर पडलेला माणूसच तिथे नव्या रुग्णाचा हात धरतो, आणि बरं होणं म्हणजे दिवसाची नव्यानं घडी बसवणं असतं. ठरलेल्या वेळी उठायचं, व्यायाम करायचा, गटात बसून बोलायचं, काम वाटून घ्यायचं, घरच्यांशी तुटलेलं नातं जोडायचं. दारू सोडल्यावर रिकाम्या संध्याकाळचं काय करायचं, हा तिथला खरा प्रश्न. अवचटांचं स्वतःचं आयुष्य त्याचं एक उत्तर होतं. बासरी, ओरिगामी, लाकडातलं कोरीवकाम, चित्रं, स्वयंपाक, सगळं त्यांनी मन लावून केलं. 'छंदांविषयी' हे पुस्तक त्यांनी त्यावरच लिहिलं. १९९७ मध्ये सुनंदाबाई कर्करोगानं गेल्या. त्यानंतरही अवचट २०२२ मध्ये जाईपर्यंत हातांना काही ना काही काम देत राहिले. ओतूरच्या या माणसानं विरंगुळा हा उपचाराइतकाच गंभीर मानला, आणि ही गोष्ट त्याच्याच तालुक्यात पुन्हा पुन्हा सांगायला हवी.

"छंद आमच्याकडं कुणाला परवडतो?" मामांनी विचारलं.

"तुमचा पखवाज काय आहे मग?"

"ती सेवा आहे."

"मेंदूला तो फरक कळत नाही," भाची म्हणाली, आणि लगेच म्हणाली, "किंवा कळत असेल. सेवा म्हटलं की माणूस ती सोडत नाही."

हे वाक्य सहज निघालं, पण दिवसभरातलं सगळ्यात कामाचं होतं. सवयीचा अभ्यास करणाऱ्या फिलिपा लॅली यांनी लंडनमध्ये ९६ जणांना रोज एक नवी साधी गोष्ट करायला लावली. ती आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असं दिसत होतं. २०१० मध्ये आलेल्या या अभ्यासात आणखी एक दिलासा होता, एखादा दिवस चुकला तरी बसत आलेली सवय मोडत नाही. व्यायामशाळेचे पैसे भरून आठवड्यात घरी बसणारी माणसं पुण्यात भाचीनं पुष्कळ पाहिली आहेत. आणि इथे कोजागरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत महिनाभर पहाटे काकडा होतो. थंडीत चारच्या सुमाराला उठून पन्नास-साठ माणसं देवळात जमतात. कुणी आलं नाही तर दुसऱ्या दिवशी विचारणा होते. हरिनाम सप्ताहात सात दिवस विणा खाली ठेवायचा नाही म्हणून रात्रीचे पहारे लागतात. आषाढीला आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर पायी जाणाऱ्यांत सत्तरीतली माणसं असतात, आणि घरी चार पायऱ्यांना दमणारी बाई दिंडीत दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालते.

"सप्ताहाच्या सात दिवसांनी सवय लागायची नाही म्हणतेस?"

"सात दिवसांनी नाही लागत. दरवर्षी येतो म्हणून लागते. आणि सगळे मिळून करता म्हणून टिकते."

ऑक्सफर्डमध्ये आयलुनड पिअर्स, रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी नव्यानं एकत्र आलेल्या प्रौढांच्या वर्गांचा सात महिने अभ्यास केला. काही वर्ग गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. सात महिन्यांनी सगळ्याच गटांत जवळीक निर्माण झाली होती, पण गाणाऱ्यांची सुरुवातीलाच झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेलं हे निरीक्षण भजनी मंडळात बसलेल्या कुणालाही नवं वाटणार नाही. ज्या दोन घरांचा बांधावरून कोर्टात दावा चालू असतो, त्या घरांतली माणसंसुद्धा एका टाळीवर हरिपाठ म्हणतात. भाऊबंदकी त्यानं मिटत नाही, पण माणूस माणसाला दिसत राहतो. हार्वर्डचा दीर्घ अभ्यास १९३८ मध्ये ७२४ पुरुषांपासून सुरू झाला आणि आता त्यांच्या मुलांपर्यंत पोचलाय. त्यातून निघालेली गोष्ट साधी आहे: पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची होती, ते ऐंशीत जास्त निरोगी होते.

"पण भजनाला बसणाऱ्यांना सगळं माफ, असं नाही," भाचीनं आपली बाजू पुन्हा सावरली. "तुम्ही माळकरी. मटण-मासे नाहीत. दूध डेअरीला घालता, घरी चहापुरतं ठेवता. बी-१२ कधी तपासलंत?"

इथे मामा गप्प बसले, कारण हा पुरावा लंडनचा किंवा अमेरिकेचा नव्हता. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. निम्म्याहून जास्त स्त्रियांत बी-१२ कमी निघालं. ज्या आयांच्या रक्तात गरोदरपणी ते फार कमी होतं, त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर एकाग्रतेच्या आणि तात्पुरत्या स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडली, असं २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. हे जीवनसत्त्व मांसाहारात, अंड्यात आणि दुधात असतं, भाजी-भाकरीत नसतं. माळ काढायची गरज नाही. घरच्या म्हशीचं दूध-दही घरच्या ताटात आलं, आणि तरीही रक्तात कमतरता निघालीच तर डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली, तर पुरतं.

मग भाचीनं थोरल्या आत्याबाईंचं नाव काढलं. शेजारच्या खोलीत राहणाऱ्या आत्याबाई दोन वर्षांपासून हरिपाठाला जात नाहीत. घरात सगळ्यांनी समजूत करून घेतली होती की वय झालं, डोकं चालत नाही.

"त्यांना ऐकू येत नाही मामा. कीर्तनात सगळे हसतात आणि त्यांना कळत नाही का हसले. मग माणूस जायचंच बंद करतो. पुढचं सगळं तिथून सुरू होतं."

'लॅन्सेट' नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची बदलता येण्याजोगी चौदा कारणं मांडली. ती सगळी हाताळता आली तर सुमारे ४५ टक्के रुग्णांमध्ये आजार टाळता किंवा लांबवता येईल, असा त्या आयोगाचा अंदाज आहे. त्यात बहिरेपण आहे, अधू दृष्टी आहे, रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, धूम्रपान, जास्त दारू, बसून राहणं, डोक्याला मार, हवेचं प्रदूषण, अपुरं शिक्षण, नैराश्य आणि एकटेपणही आहे. अमेरिकेत सत्तर ते चौऱ्याऐंशी वर्षांच्या ९७७ माणसांवर झालेल्या चाचणीत श्रवणयंत्रानं सरसकट सगळ्यांना फायदा दिसला नाही. पण ज्यांना धोका मुळात जास्त होता त्यांची बौद्धिक घसरण तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी मंदावली. आत्याबाईंचं वय आणि रक्तदाब पाहता त्या दुसऱ्या गटात मोडतात.

नैराश्याचं नाव ऐकून मामी म्हणाल्या, "ते आमच्यात बोलत नाहीत कुणी." भाचीनं १४४१६ हा टेली-मानसचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहिला. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

दुपार कलली तेव्हा मामांनी शेवटचा वार केला. जगातल्या सुखी देशांच्या यादीत फिनलंड पहिला आणि भारत २०२५ मध्ये ११८ वा, हे त्यांनी पेपरात वाचलं होतं.

"तिथली माणसं काय रोज योगासनं करतात म्हणून पहिली आली?"

"नाही," भाची म्हणाली. "तिथं आजारी पडलं तर सरकार बघतं, म्हातारपणाची भीती नाही, शेजाऱ्यावर विश्वास आहे. पण त्याच फिनलंडमध्ये मिया किविपेल्टो यांनी साठ ते सत्त्याहत्तर वयाच्या १,२६० माणसांवर दोन वर्षं काम केलं. निम्म्यांना आहार, व्यायाम, बुद्धीला काम आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष, चारही गोष्टी एकदम. २०१५ मध्ये निकाल आला. नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा त्यांची एकूण बौद्धिक प्रगती पंचवीस टक्के जास्त होती. म्हणजे जिथं व्यवस्था चांगली आहे, तिथंसुद्धा सवयी लावाव्या लागल्याच."

"आणि जिथं व्यवस्था नाही तिथं?"

"तिथं दोन्हीसाठी भांडावं लागेल."

मामांना "भांडावं" हा शब्द आवडला. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला. गावाजवळ सौरप्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची, हा त्याचा उद्देश. ही वीज कांद्यासाठी आणि बिबट्यापासून बचावासाठी मागितली जाते. झोपेसाठी, मेंदूसाठी, मामींच्या धसक्यासाठी ती कुणी मागितलेली नाही, आणि मागायला हवी. दिवसा वीज मिळाली तर या मळ्यातली दोन माणसं एकाच महिन्यात नीट झोपू लागतील. एवढा उपयोग दुसऱ्या कुठल्या औषधाचा होईल?

"अर्ज तू लिही," मामा म्हणाले. "तो फ्रान्सचा अभ्यास घाल त्यात. साडेसहा वर्षं लवकर म्हातारे होतो म्हण. सह्या मी गोळा करतो, पुढच्या सोमवारी बाजारात सगळे सापडतात."

"लिहिते. पण त्या सोमवारी आधी आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब मोजायचा. आत्याबाईंना बरोबर घ्यायचं, त्यांच्या कानांचं विचारायचं."

"आणि दूध?" मामींनी विचारलं.

"डेअरीला एक लिटर कमी घाला."

मामांनी मनातल्या मनात महिन्याचा हिशेब केला. मग ते म्हणाले, "अर्धा लिटर. भाव वाढला की एक."